ळ

लाखांदूरच्या सेतू केंद्रात
सात वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज भरले.
उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअर,
धानाच्या बोनसची नोंदणी,
एका नवरदेवाचा बायोडाटासुद्धा
(उंची त्यानं दोन इंच वाढवून सांगितली, मी लिहिली).
आज दुकान मिटल्यावर
शटर अर्धं ओढून
स्वतःचा उघडला.

एम.एस्सी., संगणकशास्त्र.
पदवीच्या रकान्यात यादी खाली सरकते
अभियांत्रिकी, विज्ञान, वाणिज्य
बी.ए. मराठी वाङ्मय कुठंच नाही.
तळाशी 'इतर'.
बरं, मी इतर.

बारावीला गणित होतं का?
नाही.

विद्यापीठातल्या माणसानं फोनवर सांगितलं,
ब्रिज कोर्स करावा लागेल मॅडम,
आणि मराठीवाल्यांना जमत नाही हो हे.
प्रेमानंच म्हणाला.
ब्रिज म्हणजे सेतूच ना, मी म्हटलं,
त्याच्यातच बसली आहे की मी.
तो हसला नाही.

काटेखाये सरांनी शिफारसपत्र दिलं.
भाषाविज्ञान शिकवायचे आम्हाला.
कडुनिंबाखाली स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून विचारत होते,
अल्गोरिदमचं स्पेलिंग सांग,
आणि अर्थ पण सांग,
खोटं नको लिहायला.

आता उरला हेतू. पाचशे शब्दांत.

हेतू असा, की मागच्या उन्हाळ्यात पारबताबाई आल्या.
आधारवर नंदागवळी, बँकेत नंदागवली,
रेशनकार्डावर बोलल्यासारखं नंदागवरी.
यंत्र म्हणे या तीन बाया,
आणि तिघींपैकी एकीचीही पेन्शन येईना.
"तीन असत्या तं दोघींले रोवन्याले धाडली असती नं,
मी घरी बसली असती," त्या म्हणाल्या
आणि पिशवीतून लाखोरीची डाळ काढून टेबलावर ठेवली,
कामाआधीच.

तेव्हा सरांचा तास आठवला.
झाडीबोलीत ळ नाही, ण नाही, छ नाही.
ळचा र होतो, णचा न, छचा स.
वसतिगृहात माझ्या 'डोऱ्या'वर, 'सत्री'वर मुली हसायच्या.
रात्री आरशासमोर मी ळ घोटला होता,
जीभ मागं वळवून, टाळू दुखेस्तोवर.
'बाळ' म्हणता यायला मला एक सत्र लागलं.

तोच नियम आता उलटा चालवला, पायथनमध्ये.
शिकवायला मोबाईलवर एक हिंदी मास्तर, दीडपट वेगानं.
पहिल्या दिवशी ळ, ल, र एकच धरले
तर अर्धा तालुका एकाच बाईत कोसळला.
दुसऱ्या दिवशी कुणी कुणाशी जुळेना.
मग नाव सोडून वय बघितलं, गाव बघितलं,
नवऱ्याचं नाव, त्यातही पुन्हा ळ.
सतराव्या रात्री पारबताबाई
पडद्यावर एका ओळीत आल्या
आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडले
की शेजारचा पंक्चरवाला धावत आला.

हे शास्त्र की व्याकरण, मला सांगता येत नाही.
संधी सोडवताना डोक्याचा जो भाग दुखायचा
तोच दुखला.
फक्त तिथं चुकलं तर अर्धा मार्क जायचा,
इथं कुणाचे तरी महिन्याचे पंधराशे.
पुढचं मला माहीत नाही, म्हणून शिकायचं आहे.
एवढं लिहिलं. चारशे चौऱ्याण्णव शब्द झाले.
सहा तसेच सोडले.

"लाईट जाईन वो, आटप," शटरखालून धनपालभाऊ.
सबमिट दाबलं.
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग लाल अक्षरांत
नाव गुणपत्रिकेशी जुळत नाही:
चित्ररेखा बाळबुधे. चित्ररेखा बालबुधे.

बाहेर बांध्यांत बेडकं लागली होती.
मी गिऱ्हाइकाची खुर्ची पुढं ओढली,
तिच्यावर जाऊन बसले,
उठले, पुन्हा आपल्या जागी आले.
बसा बाई, म्हटलं.
आधार आणलं का?