पान अकरा

बोटीबरोबर एक पुस्तिका आली होती,
नटबोल्टच्या पुडीसोबत, प्लास्टिकच्या पिशवीत.
पान अकरा : हिवाळ्यात पाणी गोठण्याआधी बोट बाहेर काढावी.
मी मोठ्यानं वाचलं, तेव्हा नायना
दातांत नट धरून हसले. नट तळ्यात पडला.
"आपल्याकडं पाणी गोठत नसतंय बे," म्हणाले,
"आपल्याकडं पाणी उठून जातंय."

म्हणून दरवर्षी होळीच्या अलीकडे,
हिप्परग्याचा काठ धक्क्यापासून
सतरा पावलं मागं सरकला
की आम्ही हंस बाहेर काढतो.

हंस म्हणजे सात नंबर. पायडलची, चार माणसांची.
चोच एका फोटोवाल्यानं मोडली, नवरीला वर बसवताना.
तिथं नायनांनी एम-सील थापलंय, त्यामुळं
हंस जरासा बगळ्यासारखा दिसतो.
पोरं तक्रार करत नाहीत.

दोर माझ्या खांद्यावर, नायना मागून रेटतात.
ओकटी, रेंडू, मूडू.
ओढायच्या वेळी ते तेलुगूत मोजतात.
मराठीत मोजलं की हिशोब होतो,
जोर येत नाही, म्हणतात.

मग बूच काढायचं.
वर्षभर पोटात साठलेलं पाणी
आधी ठिबकतं, मग ओळखीचं झाल्यासारखं धावतं.
त्यातून येतात शेंगांची टरफलं,
गजऱ्याचा दोरा, दोन रुपये,
कुणाच्या तरी चपलेचा अंगठा,
आणि या वेळी नखाएवढा एक मासा, जिवंत.
तो ओंजळीत घेऊन मी सतरा पावलं गेलो.
चिखल धरून एकवीस.
नायना ओरडले, "ब्रश कुठं ठेवलास?"

काथ्यानं शेवाळ घासलं. साखळीला तेल दिलं.
हे तेल लूमचं.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून आणलेला शेवटचा डबा,
नऊ वर्षं झाली, अजून तळाशी बोटभर आहे.

त्याचं सांगायचं राहिलं.
कारखाना बंद झाला त्या दिवशी
चोवीस लूम किलोवर विकले गेले होते,
ट्रक सकाळी येणार होता.
आणि फिटर राजेशम येलदी रात्री अडीचपर्यंत
एकेका लूमच्या खाली झोपून तेल देत होते,
धोटे काढून, पुसून, जोडीनं ठेवत होते.
शेठ म्हणाला, अहो, हे भंगारात चाललंय.
नायना म्हणाले, माहीत हाय.
एवढंच.
घरी आले, तेव्हा मी जागा होतो.
ते आंघोळीला गेले आणि साबण संपेपर्यंत आलेच नाहीत.

आता चादर.
घरातल्या कपाटात आहे ती, मोराची, सेकंडमधली :
एका मोराला पाय नाहीत,
धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.
नायनांच्या आलं होतं. म्हणूनच ती स्वस्तात मिळाली.
हंसाच्या मानेभोवती ती गुंडाळताना
त्यांची बोटं गाठीपाशी अडकली.
मी हात पुढं केला नाही.
ऊन चढत होतं. एक टिटवी उगाच भांडत होती.
तिसऱ्या वेळी गाठ बसली.

मागं एकदा दोन पावसाळे तळं भरलंच नाही.
चादर उघडली, तेव्हा आत कुत्रीनं पाच पिल्लं दिलेली.
नायनांनी त्यांची डोळे उघडायची वाट पाहिली,
मगच पायडल तपासले.
त्या वर्षी तिकिटं फाडली शून्य,
साखळीला मात्र तेल दोनदा दिलं.

बूच खिशात घालून आम्ही विटांवर टेकलो.
नायना म्हणाले, अजून काय लिहिलंय बघ त्यात,
नाहीतर काहीतरी राहून जायचं.
मी पान अकरा पुन्हा उघडलं, शेवटची ओळ वाचली :
बोट कोरड्या जागी ठेवावी.

नायनांनी तळ्याकडं पाहिलं,
तुळजापूर रोडकडं, बाभळींकडं,
मग माझ्याकडं.
"हां," म्हणाले, "ते जमतंय."