उंदीरदार

आमच्या मिनेयामा-झाचं दार
कमरेइतकंही उंच नव्हतं.
उंदीरदार म्हणायचे त्याला.
फुकट्यांनी मुसंडी मारू नये म्हणून तसं केलेलं,
एका वेळी एक माणूस, तोही वाकून.
तांदळाचा व्यापारी वाकला, कोळी वाकला,
दोन तलवारींचा सामुराई तर आडवाच अडकायचा,
म्यान चौकटीला खरवडत, कान लाल.
मी मागोरोकु, लाकडी बिल्ले घेणारा.
एदो शहर मी तोंडांवरून ओळखलं नाही,
टाळक्यांवरून ओळखलं.

दारावर मनोरा, मनोऱ्यात ढोल.
परवाना म्हणजे तोच.
नाटकशाळा बांधायला काय, कुणीही बांधेल,
ढोल सरकार सांगेल त्यानंच वाजवायचा.
पहाटे तो घुमला की नदीपलीकडे
बायका भाताचे गोळे वळायला घ्यायच्या.

आजा सांगायचा:
आधी बाया नाचायच्या. हुकूम आला, बाया गेल्या.
मग कोवळी पोरं. हुकूम आला,
कपाळावरच्या बटा उतरल्या.
उघड्या कपाळाला जांभळं फडकं बांधून
पुरुषच बाई झाले,
आणि हुकमाला त्यात खोट सापडेना.

शिगेनोजो घरी यायचा आमच्या.
ओकुमे शिवायला बसली की समोर बसायचा, गप्प.
दोरा दातानं तोडताना मान कुठं वळते,
सुई हरवली की बाई आधी काय चाचपते.
छाती नव्हे. गुडघा.
पुढच्या महिन्यात त्यानं रंगमंचावर गुडघा चाचपला
आणि अख्खी माडी रडली.
ओकुमे म्हणाली,
गुडघा माझा, टाळ्या त्याला.

तीनदा जळलो, तीनदा उभे राहिलो.
चौथ्यांदा आग नव्हती. वही होती.
लाकूडवाला, रेशीमवाला, चहाघरांची उधारी,
आणि एका नटाचा वर्षाचा आकडा,
जो मालक मोठ्यानं वाचत नसे.
नगरप्रमुखाच्या कचेरीत परवाना गेला
पलीकडच्या गल्लीतल्या शाळेला, पाच वर्षांच्या बोलीनं.
मनोरा उतरवला तेव्हा कापडामागं
चिमणीचं घरटं निघालं.
तिला कुणी परवाना विचारला नव्हता.

आता सहावं चाललंय.
ढोल तिकडेच वाजतो. मी कूस बदलतो.
दार तेवढं मागून आणलं,
विहिरीशी रोवलंय, वाटाण्याचा वेल चढवायला.

काल तिन्हीसांजेला ओसायो, अकरा वर्षांची माझी पोर,
त्यातून वाकून पलीकडे गेली,
बसली,
नसलेली सुई शोधू लागली.
गुडघा चाचपला तिनं.
शिगेनोजोचा होता तो, हुबेहूब.
मग ओकुमेकडं पाहिलं. तांदूळ धुता धुता
हात तसाच पाण्यात राहिलेला.

गल्लीत कुणी नाही ना,
मी आधी ते बघितलं.
मग दाराशी उकिडवा बसलो,
आणि सवयीनं तळहात पुढं झाला,
बिल्ल्यासाठी.