ठाण्यातून बंदूक परत आणताना

निकाल लागले, गुलाल धुऊन झाला,
आणि वाळपईच्या ठाण्यात जमा केलेली बंदूक
आज सही करून परत मिळाली.
हवालदार फळदेसाय म्हणाला, नळी साफ करून घे, गंज धरलाय.
काडतुसं पाच. पावतीवरही पाच.
जुन्या चादरीत गुंडाळून ती पाठीशी बांधली,
तापातल्या पोराला बांधावं तशी,
आणि स्कूटरला किक मारली.

होंड्याच्या अलीकडे, खाण बंद पडल्यापासून
टिप्पर जिथे गंजत उभे आहेत, त्या उतारावर
दोन माणसं.
एकाच्या हातात हेल्मेट.
ते वर जात होतं, खाली येत होतं,
नारळ सोलावा इतक्या सावकाश.
खालचा ओरडत नव्हता.
मला त्याचंच भय जास्त वाटलं.

काडतुसांचा डबा डिकीत,
त्याच्यावर शेवंतीनं सांगितलेली सुकी सुंगटं.
डबा काढायचा तर आधी सुंगटं बाजूला करावी लागतात.
विचार करायला मला वेळ मिळाला तो एवढाच.

परवान्यावर लिहिलंय, शेतीच्या रक्षणासाठी.
माणसाचं काय करायचं ते लिहिलेलं नाही.

बाबा सांगायचा, झुडूप हललं म्हणून बार टाकू नये.
डोळे दिसू देत.
सगुण माजिकानं हलणारं झुडूपच पाहिलं होतं.
आत त्याचा मेहुणा होता, काजू वेचत.
सुटला तो. कुणी काही बोलत नाही त्याला.
फक्त पंगतीत त्याच्या शेजारचं पान
सगळ्यात शेवटी भरतं.

आणि इथे मला काय दिसत होतं?
हेल्मेट. दंड. पाठ.
आधी हात कुणी उचलला?
खालच्याच्या खिशात सुरी होती?
बहिणीवरून होतं की पैशांवरून, की नुसतीच दारू?
मी पोचलो तेव्हा गोष्ट निम्म्यावर आली होती,
आणि माझ्या पाठीवर होता
फक्त शेवट.

नुसती दाखवावी, असंही मनात आलं.
पण बंदूक नुसती दाखवता येत नाही.
दाखवली की तीच विचारते, आता पुढे?
तो माझ्याकडे वळला तर?
पळत सुटला, आणि पळणाऱ्या पाठीवर
माझं बोट सवयीनं

तोवर हेल्मेट आणखी दोनदा खाली आलं.
ते दोन घाव माझ्या हिशेबात.

डबा हातात होता. उघडला नाही.
हेडलाइट त्यांच्यावर वळवला आणि हॉर्न दाबला.
किरटा हॉर्न माझा, म्हशी त्याला वाट देत नाहीत.
दाबूनच धरला, अंगठा पांढरा होईपर्यंत.
वरच्या वाड्यावर एक दिवा लागला.
कुत्रं भुंकलं. मग दुसरा दिवा.

हेल्मेटवाला थांबला. उजेडाकडे वळला.
तेव्हा डोळे दिसले. विशीतला पोर,
रडत होता.
खालचा उठून बसला, शर्टानं तोंड पुसलं
आणि मलाच म्हणाला,
"तुका कितें पडलां? भाव तो म्हजो."

एकाच मोटरसायकलवरून गेले दोघं.
जाताना हेल्मेट
मार खाल्लेल्याच्या डोक्यावर होतं.

घरी शेवंतीनं विचारलं, मिळाली?
म्हटलं, मिळाली.
सुंगटं अर्धी डिकीत सांडलेली,
त्यावरून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.
काडतुसं मोजली. पाच.
जेवून पुन्हा मोजली.

रात्री डुकरं उतरली सुरणाच्या वाफ्यात.
मुस्काटानं माती उपसताना ऐकू येत होती.
बंदूक खुंटीला, चादरीतच.
मी उठलो नाही.

हॉर्नची बॅटरी तीन वर्षांची झाली.
उद्या बदलून घ्यायला हवी.