एक मीटर बाय एक मीटर

मागावर उरलेलं लाल सूत
चार खिळ्यांना बांधलं
आणि नान्नजच्या माळावर चौकोन आखला.
एक मीटर बाय एक मीटर.
यात जे जे आहे ते मोजायचं, वहीत उतरवायचं,
संध्याकाळच्या एस.टी.नं सोलापूर गाठायचं.

कुसळी, पवन्या, थोडं मारवेल.
एकशे बेचाळीस काड्यांपर्यंत आले
तोवर वारा सुटला
आणि मी पुन्हा पहिलीपासून.

म्हाळप्पा मेंढरं थांबवून उभा.
"काय हुडकलालाव मॅडम? काय पडलं का?"
मोजतेय, म्हटलं.
"गवत?" तो हसला नाही.
"माझी बी मोजा मग. रातच्याला एक कमी झालंय."

लांडग्यानं नेलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं.
लांडग्याच्या सात पिढ्या त्यानं उद्धरल्या,
आणि त्याच दमात म्हणाला,
"पर तो हाय म्हणून हरणं एका जागी चरत न्हाईत.
गवताला दम खायला मिळतो."
मी वहीत लिहिलं. शिव्या गाळल्या.

वर्गात मी फळ्यावर लिहिते:
शंभरातले दहाच पुढच्या तोंडी लागतात, नव्वद उधळतात.
इथे बसून तेच मांडलं.
एवढं गवत, त्यावर इतके नाकतोडे,
नाकतोड्यांवर फार तर अर्धा सरडा,
आणि थंडीत डोंगर-वाळवंटं ओलांडून येणारा भोवत्या?
माझ्या चौकोनाच्या वाट्याला
त्याचं एखादं पीस येत असेल.
तेही पोटाखालचं, मऊ.

शेणकिडा आपला गोळा ढकलत
सुताखालून आत आला.
नोंद केली.
तो पलीकडच्या सुताखालून निघून गेला.
खोडू का?

आणि खाली तर मी मोजलंच नाही.
वीतभर खाली वाळवी, बुरशी, मुळांचे केस,
मेलेलं सगळं हातोहात फिरतंय.
वडील गिरणीत होते तेव्हा तीन पाळ्या असत,
भोंगा वाजला की अख्खा पूर्व भाग हलायचा.
इथे भोंगा नाही, पाळी सुटत नाही.
कालच्या कोकराची हाडं, लोकर, लेंड्या,
सगळा माल आतल्या आत पुन्हा कामाला लागतो.
ऊन तेवढं परत येत नाही.
ते रोज नवं आणावं लागतं.

सातबाऱ्यावर या जमिनीपुढे एकच शब्द आहे:
पडीक.

पुढच्या हिवाळ्यात गेले तर
चारातले दोन खिळे जागेवर.
मधोमध खड्डा, खड्ड्यात गिरिपुष्पाचं रोप,
रोपाला पत्र्याचा नंबर.
झाड लावलं म्हणून तक्रार
कुणाकडे करायची, कोणत्या तोंडानं?
म्हाळप्पा म्हणाला, "सावली हुईल."
मग बराच वेळ काही बोलला नाही.

आमच्या घरी लहानपणीच शिकवतात:
एक धागा ओढला तर चादर फाटत नाही.
दुसरा ओढला तरी नाही.
नुसती विरविरीत होते, अंगावर घेता येते,
कुणाला कळतही नाही.
आणि मग एका सोमवारी, धुताना,
ओल्या हातात नुसते दोरे.

परत निघताना दहा पावलांवर
चंडोलाचं रिकामं घरटं दिसलं,
ढेकळाच्या आडोशाला, वाटीएवढं.
गवताच्या काड्या, मेंढीची लोकर,
आणि त्यात माझं लाल सूत.
हात लावला नाही.

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं.
भाकरीचा तुकडा चटणीत तसाच धरून
त्यांनी एवढंच विचारलं,
"सूत उभं घातलं होतं का आडवं?"

वही काढून पाहिली.
तेवढंच लिहायचं राहिलं होतं.