नमुना क्रमांक चौदा

जुगूळच्या घाटाखाली, शेवटच्या पायरीपासून
सव्वीस पावलांवर एक काळा दगड आहे.
त्यावर रात्री कुणीतरी शी करून जातं.
माशांचे खवले, खेकड्याची एखादी नांगी,
आणि वास ओल्या वैरणीचा, जुन्या गळाचा,
थोडासा, खोटं का बोलू, आमच्या न्हाणीघराचा.
मी ती चमच्यानं उचलते,
नळीत घालते, स्पिरिट ओतते,
झाकणावर लिहिते: जु-१४.

रायाप्पा अंबी नावेतून बघत असतो.
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं,
"ह्येच्यासाठी बेळगावास्नं आलीस? पगार देत्यात?"
होय म्हटल्यावर
बराच वेळ वल्हं हातात धरून नुसता बसला.

तो नीरनायी म्हणतो. पाण्यातलं कुत्रं.
मी पाणमांजर म्हणत वाढले.
जिभेवर चढताना जनावर भुंकतं तरी नाहीतर गुरगुरतं,
आणि ते स्वतः
जाळ्यातला कटला अर्धा खाऊन
उरलेला अर्धा उपकारासारखा ठेवून जातं.
फॉर्मवर 'स्थानिक नाव' ह्या रकान्यात
एकाच शब्दापुरती जागा आहे.
मी तो रकाना शेवटाला ठेवते, रोज.

आमच्या सरांच्या भिंतीवर सीलचा फोटो आहे,
दक्षिणेकडच्या कुठल्या गार बेटावरचा,
दाट केसांचा, मिशीवाला,
निवृत्त तलाठ्यासारखा रुसून बसलेला.
कोटांसाठी माणसांनी ती इतकी मारली
की मूठभर उरली.
मग बंदी आली. पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं,
किनारा पुन्हा काळा झाला.
"गर्दी बघून फसू नका," सर म्हणतात.
"डोकी कुणीही मोजेल. तुम्ही आज्या मोजा."

आईकडून लेकीकडे जाणारा एक धागा असतो,
बापाचा हात न लागलेला.
मशीन तो वाचतं. वाचायला तीन आठवडे घेतं,
मध्ये वीज गेली तर चार.

मे महिन्यात निकाल आला.
अलीकडे आम्ही दहा मोजली होती,
पलीकडे, खिद्रापूरच्या अंगाला, त्यांनी नऊ.
दोन राज्यं, दोन खाती, दोन अहवाल,
दोन्हींत खाली तीच ओळ: वाढ समाधानकारक.
नळ्या पहिल्यांदाच एका टेबलावर आल्या
आणि जु-१४ म्हणजेच खि-२२ निघाली,
एकच मादी,
रोज रात्री कृष्णा ओलांडून
दोन सरकारांच्या दगडांवर बसणारी.
जु-३ तसाच. जु-८ तशीच.
एकोणीस नव्हतीच. अकरा.
अकरांत मिळून आज्या दोन.

हे रायाप्पाला सांगायचं माझ्यावर आलं.
"मग आठ कुठं गेली?"
गेली नाहीत, मी म्हटलं. नव्हतीच.
तो हसला. मग हसायचा थांबला.
"माझ्या बहिणीगत की.
खिद्रापुरात दिली. हितल्या यादीत नाव हाय,
तितल्या यादीत बी हाय.
जेवायला मात्र एकटीच."
आणि जाळ्याची एक तुटकी गाठ
दातांनी ओढत राहिला.

दोन आज्यांचं काय, हे त्यानं विचारलं नाही.
मला विचारायचं होतं कुणाला तरी.
वाळूचे ट्रॅक्टर थांबले, कारखान्याचं पाणी निवळलं,
अकराची शंभर झाली,
तरी त्या शंभरांच्या अंगात
दोनच घरांची भांडणं, दोनच घरांचे आजार.
एक तापाची साथ, आणि सगळ्यांना एकदम.
बाहेरून कुणी यायला हवं,
घटप्रभेकडून, दूधगंगेकडून,
भाषा न विचारता.

दिवस मावळताना दगड पुन्हा ओला होता.
रायाप्पानं ओठावर बोट ठेवलं.
पाण्यावर एक रेघ निघाली,
इकडून तिकडे की तिकडून इकडे,
दोन्ही बाजूंना मिशीसारखी फाकत गेली.
मी वही उघडली नाही.
"कितवी गं ही?" तो कुजबुजला.
चौदा, मी म्हटलं.
नाहीतर बावीस.

त्या रात्री त्यानं जाळं टाकलं नाही.
उद्या टाकेल. त्यालाही पोट आहे.