मोरीचं बूच

आवटी आप्पांचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत
चहा उकळून, गाळून, निवूनही जातो.
"बघ की गं मुजावर," ते म्हणतात,
"यंत्र आहे का गाभण म्हैस?"

गावभागातल्या त्या खोलीत
मांडीवर हेल्मेट घेऊन मी बघत बसते.
पडद्याच्या कोपऱ्यात दोन ढाली.
एक दुकानदारानं घालून दिलेली,
मुदत संपून अकरा महिने झाले,
पगार थांबला तरी खुर्ची न सोडणारी.
दुसरी पुतण्यानं फुकट उतरवलेली.
दोन राखणदार रात्रभर
एकमेकांची गचांडी धरून उभे,
आणि आप्पांना वाटतंय, राखण चाललीय.

"मग चांगली कुठली, ते सांग."
मिरजेपासून माधवनगरपर्यंत
सगळे मला हेच विचारतात,
स्थळाची चौकशी करावी तसं.
मी म्हणते, एकच ठेवा, आणि रोज ताजी होणारी.
गेल्या वर्षीच्या चोरांचे फोटो घेऊन बसलेला शिपाई
यंदाच्या चोराला सलाम ठोकतो.

"ताजी होईना म्हणून तर बोलावलं!"

मग त्यांनी वही काढली.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
पुलाखालच्या पट्टीवरचे फूट-इंच
बॅटरीच्या उजेडात टिपणारा हात.
फायरवॉल विचारते, ह्याला जाऊ देऊ का,
आप्पा चष्मा पुसतात, आधी लिहितात, मग बटण दाबतात.

१४ जून, सकाळी ७.१०. प्रिंटर. नाही.
१४ जून, ७.२५. घड्याळ जुळवतो म्हणतो. नाही.
२ जुलै, दुपारी ४. अँटिव्हायरस स्वतः.
नवी यादी आणायला जातो म्हणतो. नाही.
९ जुलै, रात्री ९. नाव कळले नाही. कॅमेरा मागतो. नाही.
१६ जुलै, रात्री ९. तोच. नाही.
२३ जुलै, रात्री ९. तोच. नाही.

दोनशे बारा नोंदी. एकही हो नाही.

"आप्पा, रविवारी रात्री नऊला कोण असतं?"

ते वहीकडेच बघत राहिले.
"सुकुमार. टोरांटोत असतो.
आधी दिसायचा. म्हटलं, कामात असेल."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होईना.
किक, किक, किक.

मग म्हणाले, "त्या पुरात
दाराला पोती लावली, पोत्यांवर प्लॅस्टिक,
मी कंदील घेऊन उंबऱ्यावर.
आणि पाणी आलं मागनं. मोरीतनं.
गुपचूप, साबणाची वडी तरंगवत.
तेव्हापासनं कुणाला हो म्हणवत नाही बघ."

मी जुनी ढाल काढली, तिचं उरलंसुरलं खरवडलं,
पुतण्याच्या ढालीला बाहेर जायची वाट दिली.
यादी आली. तपासणीची हिरवी पट्टी
हळदीची पोती उचलणाऱ्या हमालासारखी
थांबत, दम खात सरकली.
सात किडे सापडले. सातही एकाच पेनड्राइव्हचे.

"हयातीचा फॉर्म छापायला नेला होता,
झेरॉक्सवाल्याकडे."
"घरात प्रिंटर असताना?"
"त्याला नाही म्हटलंय ना मी."
स्वतःशीच हसले. "म्हणजे ही पण मोरीच की."

मी त्यांना एवढंच शिकवलं:
आपण हाक मारली असेल
तर आलेली ओ आत घ्यायची.
न मारलेल्या हाकेला कुणी ओ दिली
तर मात्र दार लावून मला फोन करायचा.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. दोनदा पुटपुटले.
मग वहीत नवी ओळ:
गुरुवार, दुपारी १२.५०. सुकुमार. हो.
शेऱ्याच्या रकान्यात सही, तारखेसह,
जणू उद्या साहेब तपासायला येणार.

हात धुवायला मोरीत गेले.
भोकात लाकडी बूच ठोकलेलं,
सुतळीनं नळाला बांधलेलं,
आणि माझ्या पायांशी पाणी साचायला लागलं.
"आप्पा, हे काढू का?"

"नगं," आतून आवाज आला,
"ते राहू दे."