पाणी यायच्या दिवशी

माझं नाक उद्यमबागेत गेलं.
एकोणीस वर्षं भट्टीपाशी, साच्याच्या वाळूचा धूर,
आता उदबत्ती आणि गटार मला सारखेच.
म्हणून शांतव्वा नेसर्गी जिन्यात उभ्या राहून,
पदर नाकाला लावून म्हणाल्या,
'काय वो मुतगेकर, आज सोमवार, आणि माशाचा वास?'
तेव्हा मी रेणुकाकडं बघितलं.
आमच्या घरातला वास मला तिच्या तोंडावरच वाचावा लागतो.

तिची नाकपुडी हलली.
म्हणजे होता.

घर भाड्यानं देताना त्यांची अट एकच होती,
डिपॉझिट नव्हे, भाषा नव्हे: मासा नको.
आम्ही जांबोटीकडची माणसं. मान डोलावली,
आणि रविवारी कॅम्पात मेहुणीकडं जाऊन
बांगडा खाऊन, लिंबानं तीनदा हात धुऊन परत यायचो.

रेणुकानं मोरी खरवडली. तांदळाचा डबा उपसला.
फ्रिज ओढला, मागं एक चमचा
आणि वाळून कागद झालेली पाल,
तिला कसला वास.
माझे कारखान्याचे बूट गच्चीवर गेले,
तिथं रात्रभर भिजले, उगाच.
शांतव्वा वर येऊन स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या,
कढई उघडायच्या नाहीत,
फक्त कढईकडं बघायच्या. आत आमटी.
'होगली बिडरी,' म्हणायच्या,
आणि जायच्या नाहीत.

'न खाल्लेल्या माशाचा काटा,'
रेणुका अंधारात म्हणाली,
'कसा काढायचा सांगा.'

मला नाक नाही, पण नोंदी ठेवायची सवय आहे.
कुठली भट्टी किती वाजता ओतली, तसं
डेअरीच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुली मारत गेलो,
ज्या ज्या दिवशी तिची नाकपुडी हलली.
चार. नऊ. तेरा. अठरा.
मधले दिवस कोरे.
अठराच्या रात्री घागर भरताना कळलं:
नळाला पाणी येतं,
त्याच दिवशी मासा येतो.

अनगोळच्या नाक्यावरून दस्तगीरला आणला.
त्यानं पाण्याच्या मोटारीला हातसुद्धा लावला नाही,
वायरीच्या मागं मागं गेला,
जिन्याखालून, भिंतीकडेनं, शांतव्वांच्या पुढच्या खोलीत,
आणि चन्नप्पा नेसर्गींच्या फोटोसमोर थांबला.
'काढू काय, अव्वा?'
बारा वर्षांत तो कुणी हलवला नव्हता.
त्यांनी स्वतःच उतरवला, हारासकट.

मागं मोटारीचा प्लग.
सॉकेटचं तोंड तपकिरी, वितळून लोंबलेलं.
फोटोच्या पाठीचा पुठ्ठा तळहाताएवढा काळा.
'मच्छी नै ये,' दस्तगीर म्हणाला,
'बॅकलाइट. तापलं की असंच मारतंय.
अजून चार पाणी आली असती तर
घरच पेटलं असतं, अव्वा.'

शांतव्वा पदरानं पुठ्ठा पुसत बसल्या.
काळं तसंच राहिलं.
माफी वगैरे काही नाही.
संध्याकाळी दोन होळग्या वर आल्या, तूप घातलेल्या,
ताट परत मागायला मात्र कुणी आलं नाही.

गेल्या रविवारी, खिडक्या लावून,
रेणुकानं या घरात पहिल्यांदा
बांगडा तव्यावर सोडला.
जिन्याखालून हाक आली, घाबरी:
'मुतगेकर! बोर्ड जळूलालाय काय वो?'

रेणुकानं उलथनं हवेत धरलं.
ती माझ्याकडं बघते,
मी तिच्या नाकपुडीकडं.
'नाही अव्वा,' ती म्हणाली,
'आज खरा आहे.'

खाली बराच वेळ काहीच नाही.
मग दार वाजलं,
लागलं की उघडलं, कानाला कळलं नाही.
'उलट की तो,' मी म्हणालो.
'करपला तर मला कळायचं नाही.'